कॉलेज बेसबॉलचं रिक्रूटिंग आणि अभ्यास : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रं या महिन्यात आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. नियम २०२५-२६ च्या हंगामात बरेच बदलले आहेत, त्यामुळे मोठ्या भावाच्या किंवा शेजारच्या मुलाच्या वेळची माहिती जशीच्या तशी धरून चालू नका.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, शॉर्टस्टॉप खेळतो. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या कॅम्पचं आमंत्रण ईमेलवर येतं, पण एकाही कोचचा फोन नाही. सगळ्या कॅम्पना पाठवावं का? — एक आई, न्यू जर्सी

फोन येत नाही याचं कारण बहुधा नियम हेच आहे. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना; तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात बेसबॉलच्या कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत खेळाडूशी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे त्याला संघात घेण्याबद्दल, बोलता येत नाही. डिव्हिजन टूमध्ये ही तारीख त्याच उन्हाळ्यातली १५ जून आहे. डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या दुसऱ्या कॉलेज-खेळ संघटनेच्या कोचवर फोन-ईमेलसाठी असं बंधन नाही. कॅम्पची माहितीपत्रकं आणि प्रश्नावल्या मात्र कोणत्याही वयाच्या मुलाला पाठवता येतात, म्हणून तुमचा इनबॉक्स त्यांनीच भरलाय.

त्यातली बहुतेक आमंत्रणं हजारो पत्त्यांवर एकदम गेलेली असतात. कॅम्प हा कोचिंग स्टाफच्या उत्पन्नाचाही भाग असतो, त्यात गैर काही नाही, पण ते आमंत्रण म्हणजे आवड नव्हे. खरी आवड ओळखायची ती मजकुरावरून. मुलाची पोझिशन लिहिली आहे का? त्याचा एखादा सामना किंवा व्हिडिओ पाहिल्याचा उल्लेख आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलचं गुणपत्रक) मागितलं आहे का? मार्क मागणारा कोच पुढचा विचार करतोय असं समजा.

शोकेस (कोचना खेळ दाखवण्याचे कार्यक्रम) आणि कॅम्प निवडताना क्रम उलटा लावा. आधी कॉलेजांची यादी, मग त्या कॉलेजांचे कोच जिथे येतात तो कार्यक्रम. अभ्यासात वरच्या कॉलेजांकडे जायचं असेल तर हेडफर्स्टच्या ऑनर रोल कॅम्पसारखे अभ्यासावर भर असलेले कॅम्प उपयोगी पडतात, कारण आयव्ही लीगचे आणि डिव्हिजन थ्रीचे अनेक कोच एकाच मैदानावर भेटतात. तिथे मुलाचे मार्क त्यांच्या हातातल्या यादीवरच असतात. पण कॅम्पला जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी त्या कोचना ईमेल गेलं पाहिजे. नुसती जर्सी घालून दीडशे मुलांत उभं राहिलं तर कोणी शोधत येत नाही.

दहावीच्या मुलाला सगळीकडे पाठवण्यात खर्चापेक्षाही मोठी अडचण शरीराची आहे. शोकेसमध्ये प्रत्येक फेक पूर्ण ताकदीनं होते, कारण रडार गन समोर असते. ऑक्टोबरात हंगाम संपला, नोव्हेंबर-डिसेंबर विश्रांती झाली आणि जानेवारीत हात तयार नसताना शोकेसला जाऊन पूर्ण जोरानं फेकलं, तर खांद्याला आणि कोपराला दुखापत व्हायला एवढं पुरतं. शिवाय त्या दिवशीचा कमी वेग नावापुढे ऑनलाइन कायमचा चिकटतो. आकडे दाखवण्यासारखे झाल्यावरच जा. शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसवरच्या खेळाडूसाठी साठ यार्ड धाव सात सेकंदांच्या आत, आणि शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसकडची फेक ताशी ऐंशी मैलांच्या घरात, ही डिव्हिजन वनची नजर वळायला लागण्याची साधारण सुरुवात. आकडे तिथे नसतील तर या वर्षी कॅम्पच्या पैशांत ताकदीचा व्यायाम आणि चांगलं प्रशिक्षण जास्त फळ देईल.

प्रश्न : मी अकरावीत आहे, उजव्या हाताचा पिचर, वेग ताशी ८२ ते ८४ मैल, जीपीए (मार्कांची सरासरी) ३.९. चाळीस कोचना ईमेल पाठवलं, दोनच उत्तरं आली, तीही छापील. माझं काय चुकतंय? — एक विद्यार्थी, टेक्सास

तुझा मजकूर आमच्यासमोर नाही, पण आकड्यांवरून एक गोष्ट दिसते. ८२ ते ८४ वर डिव्हिजन वनचा कोच सहसा थांबत नाही. उजव्या हाताच्या पिचरकडून तिथे ऐंशीच्या वरच्या टोकाची आणि नव्वदची अपेक्षा असते. त्या चाळिसातले तीस डिव्हिजन वनचे असतील तर ईमेल कितीही सुंदर असो, उत्तर तेच येणार. हाच वेग आणि ३.९ जीपीए घेऊन डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या कॉलेजांकडे गेलास तर तुझं पत्र वाचलं जाईल. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही सगळी बेसबॉलमध्ये डिव्हिजन थ्री आहेत. तिथल्या कोचची अडचणच ही असते की ९० नं फेकणारी मुलं मिळाली तरी प्रवेश विभाग त्यांना घेत नाही. तुझे मार्क त्याचं ते काम हलकं करतात.

आता पत्राबद्दल. ईमेल मुख्य कोचला पाठव, पण सहायक कोचपैकी ज्याच्या नावापुढे रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर लिहिलंय त्यालाही पाठव; यादी तोच सांभाळतो. विषयाच्या ओळीतच सगळं सांग : हायस्कूल पूर्ण होण्याचं वर्ष, उजव्या हाताचा पिचर, उंची, वेग, जीपीए, राज्य. कोच ईमेल फोनवर, बसमध्ये वाचतो. उघडायचं की नाही हे तो त्या एका ओळीवर ठरवतो.

मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे. पहिल्या दोन ओळींत हेच कॉलेज का, ते लिही, आणि ते खरं असू दे. ‘तुमचा कार्यक्रम उत्तम आहे’ हे वाक्य चाळीस ठिकाणी चालतं, म्हणून कुठेच चालत नाही. ‘मला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि तुमच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) त्या शाखेचे चार पिचर आहेत’ हे वाक्य एकाच कॉलेजला जाऊ शकतं. मग आकडे : फास्टबॉलचा वेग, इतर पिच कोणते, जीपीए, एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा दिली असल्यास गुण, यंदा घेतलेले एपी (हायस्कूलमधले कॉलेज पातळीचे) विषय. मग व्हिडिओची लिंक, पुढच्या महिन्यातल्या सामन्यांच्या तारखा मैदानाच्या पूर्ण पत्त्यासह, आणि ट्रॅव्हल संघाच्या (शाळेबाहेरच्या क्लबच्या) कोचचा फोन नंबर. ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ जोड. आईबाबांना सीसीत ठेवू नकोस आणि त्यांच्याकडून लिहून तर मुळीच घेऊ नकोस. कोचला ते लगेच कळतं.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा. पहिल्या पाटीवर नाव, वर्ष, पोझिशन, उंची-वजन, जीपीए. पिचरसाठी दोन कोन लागतात : एक मागून, ज्यात कॅचरचा ग्लव्ह दिसतो आणि चेंडू कुठे वळला ते कळतं, आणि दुसरा उघड्या बाजूनं, ज्यात हाताची आणि पायांची हालचाल दिसते. प्रत्येक पिचचे चार-पाच चेंडू सलग दाखव. निवडून काढलेले दहा स्ट्राइकआउट दाखवलेस तर कोचला काहीच कळत नाही. संगीत नको. रडार गनचा आकडा त्याच चौकटीत दिसला तर उत्तम. लिंक लॉगिनशिवाय उघडते का, ते दुसऱ्याच्या फोनवर तपास. बरेच व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ राहून जातात आणि मुलं महिनाभर उत्तराची वाट बघत बसतात.

मग पाठपुरावा. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा लिही, पण नवीन काही असेल तेव्हाच : वेग दोन मैलांनी वाढला, सेमिस्टरचे मार्क आले, नवीन वेळापत्रक आलं. उत्तर आलं की चोवीस तासांत प्रत्युत्तर. तीनदा लिहूनही काही नाही आलं तर ते कॉलेज यादीतून काढ, मन लावून बसू नकोस.

डिव्हिजन थ्रीत पुढची पायरी ‘प्री-रीड’ असते. अकरावीचे मार्क लागले की, बहुतेक ठिकाणी १ जुलैनंतर, कोच तुझं ट्रान्सक्रिप्ट आणि गुण प्रवेश विभागाकडे देतो आणि तू बसू शकशील का याचा अंदाज घेतो. हिरवा कंदील मिळाल्यावर कोचला सरळ विचार : ‘प्रवेश विभागाकडे तुम्ही ज्यांच्यासाठी शब्द टाकता त्या यादीत मी आहे का?’ हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. विचारलाच पाहिजे. कारण त्याबदल्यात कोच सहसा ‘अर्ली डिसिजन’ अर्ज मागतो, आणि तो अर्ज बांधून घालतो : प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. ‘तू आम्हाला आवडलास, अर्ज कर’ आणि ‘तू माझ्या यादीत आहेस’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

प्रश्न : मुलीच्या वेळी एसएटीची गडबड होती, आता ती परीक्षा लागत नाही म्हणतात. मुलानं अल्जिब्रा वन आठवीत केलं आणि एक विषय उन्हाळ्यात ऑनलाइन. एनसीएए ते धरेल का? — एक पालक, इलिनॉय

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : खेळण्याची पात्रता आणि कॉलेजचा प्रवेश. पात्रतेसाठी एनसीएएनं २०२३ पासून एसएटी-एसीटी काढून टाकली. प्रवेशासाठी मात्र काही कॉलेजं ती मागतातच, त्यामुळे परीक्षा सरसकट सोडू नका.

पात्रता ठरते ती १६ कोअर विषयांवर. डिव्हिजन वनसाठी त्यांची वाटणी अशी : इंग्रजीची चार वर्षं, अल्जिब्रा वन किंवा त्यापुढचं गणित तीन, विज्ञान दोन (शाळेत असेल तर त्यातलं एक प्रयोगशाळेसह), या तिन्हींपैकी आणखी एक, समाजशास्त्रं दोन, आणि उरलेली चार वर्षं यांतल्याच किंवा परदेशी भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांची. डिव्हिजन वनसाठी या विषयांचा जीपीए २.३ आणि डिव्हिजन टूसाठी २.२ लागतो. हा जीपीए एनसीएए स्वतः काढते, शाळेच्या छापील जीपीएवर जाऊ नका. आरोग्य, संगीत, शारीरिक शिक्षण त्यात धरत नाहीत.

अल्जिब्रा वन आठवीत झालेलं चालतं, पण ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसायला हवं. अनेक शाळा ते आपणहून चढवत नाहीत. काउन्सेलरला आजच विचारा. ऑनलाइन विषयासाठी, तो देणाऱ्या संस्थेच्या नावावर एनसीएएच्या मंजूर यादीत तो आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. आपापल्या वेगानं पुरा करायचा आणि शिक्षकाशी कसलाच संवाद नाही, असा अभ्यासक्रम बाद होतो.

सगळ्यात घात करणारा नियम डिव्हिजन वनचा आहे : १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या दहा विषयांचे ग्रेड गोठतात. मग त्यातला सी पुन्हा बसून बी केला तरी धरत नाहीत. म्हणजे दुरुस्ती करायची ती अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत.

प्रश्न : एका डिव्हिजन वन कोचनं ३० टक्के स्कॉलरशिप देतो म्हणून सांगितलं, आठवड्यात उत्तर हवंय. आम्ही एच-४ वर (एच-१बीवरच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. हो म्हणावं का? — एक वडील, नॉर्थ कॅरोलायना

पहिला प्रश्न : ३० टक्के कशाचे? नुसत्या ट्यूशनचे, की राहणं-जेवण-पुस्तकं धरून एकूण खर्चाचे? समजा दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा एकूण खर्च वर्षाला ५५,००० डॉलर आहे. ३० टक्के म्हणजे १६,५००, आणि तुमच्या खिशातून ३८,५००. आता समजा तुमच्याच राज्यात एक डिव्हिजन टू कॉलेज २८,००० ला आहे, कोच १५ टक्के म्हणजे ४,२०० देतो आणि मार्कांवर ६,००० मिळतात. तिथे तुम्ही १७,८०० भरता. टक्का अर्धा आणि खर्चही निम्म्याहून कमी. म्हणून टक्के ऐकू नका, उरलेली रक्कम लिहून काढा.

बेसबॉलमध्ये पूर्ण स्कॉलरशिप पूर्वीपासून दुर्मीळ. जुन्या नियमात एका डिव्हिजन वन संघाला ११.७ स्कॉलरशिप २७ खेळाडूंपर्यंत वाटता येत. सरासरी ४३ टक्के. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाल्यापासून, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांना स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, पण संघ ३४ खेळाडूंचा झाला. पैसे वाढवण्याची मुभा आहे, सक्ती नाही. जागा मात्र नक्की कमी झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) येणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंना जातात. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिप मुळात नाहीच.

म्हणून हो म्हणण्याआधी एक संध्याकाळ त्या संघाच्या रोस्टरवर घालवा. संकेतस्थळावर मागच्या वर्षांची रोस्टरही असतात. दोन वर्षांपूर्वीच्या फ्रेशमनची (पहिल्या वर्षातल्यांची) नावं लिहा आणि त्यातली किती आज सोफोमोर किंवा ज्युनियर (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले) म्हणून दिसतात ते मोजा. दहातली सहा गायब असतील तर कोचला त्याचं कारण विचारा. मुलाच्या पोझिशनवर सध्या किती जण आहेत, कितव्या वर्षात, किती जण दुसऱ्या कॉलेजमधून आलेत, तेही पाहा.

तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधत नाही. खेळाडूला कॉलेजशी बांधणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र २०२४ मध्ये बंद झालं. आता महत्त्व आहे ते आर्थिक मदतीच्या लेखी कराराला. तो एक वर्षाचा आहे की चार, ते वाचा. कराराच्या मुदतीत खेळ चांगला झाला नाही किंवा दुखापत झाली म्हणून डिव्हिजन वन कॉलेजला रक्कम कापता येत नाही, पण एक वर्षाचा करार पुढे वाढवायचा की नाही हे त्यांच्या हातात राहतं. आठवड्याची मुदत असेल तर नम्रपणे दोन आठवडे मागा आणि कॉलेज पाहून या. ज्याला मुलगा खरोखर हवा आहे तो कोच बहुधा थांबतो.

व्हिसाबद्दल : एच-४ वरच्या मुलाला एफएएफएसए या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही. खेळाची स्कॉलरशिप आणि मार्कांवरची स्कॉलरशिप व्हिसामुळे अडत नाही, पण कॉलेजच्या अटी विचारून घ्या. एकवीस पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यातच एफ-१ वर जावं लागू शकतं. राज्यातल्या रहिवाशाची कमी ट्यूशन तेव्हा टिकते का, हे आधीच विचारा. आणि नाव-छबी वापरून मिळणारे एनआयएलचे पैसे हे काम धरलं जाऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यातला एक डॉलरही घेऊ नका.

प्रश्न : इंजिनिअरिंग आणि बेसबॉल दोन्ही जमतं का? कोच म्हणतात आठवड्याला वीसच तास. — एक विद्यार्थी, कॅलिफोर्निया

जमतं, पण वीस तासांवर विसंबून नको. त्या वीस तासांत प्रवास नाही, फिजिओकडचा वेळ नाही, आणि सामना कितीही लांबला तरी तीनच तास धरतात. डिव्हिजन वनचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत, ५६ सामन्यांपर्यंत. शुक्रवार-शनिवार-रविवार मालिका आणि मध्ये मंगळवार किंवा बुधवारचा एक सामना. बाहेरगावची मालिका असली की गुरुवारी दुपारीच बस निघते. डिव्हिजन थ्रीत ४० सामने आणि प्रवास बहुतेक जवळचा.

क्रेडिटचं गणित आधी मांड. १२० क्रेडिटची पदवी चार वर्षांत म्हणजे वर्षाला ३०. फॉल सत्रात १६ घे, स्प्रिंग सत्रात १२, कारण बाराखाली गेलास तर पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाहीस. उरलेले उन्हाळ्यात तीन क्रेडिटच्या एका ऑनलाइन विषयात. उन्हाळी लीगमध्ये खेळायला गेलास तरी एक विषय निभतो, दोन कठीण. इंजिनिअरिंगला बऱ्याचदा १२० पेक्षा जास्त क्रेडिट लागतात, तेव्हा एपीचे क्रेडिट इथे कामी येतात.

खरी अडचण तासांची नसते, वेळेची असते. सराव दुपारी, आणि प्रयोगशाळाही दुपारीच. थर्मोडायनॅमिक्सचा विषय फक्त स्प्रिंगमध्ये आणि त्याची लॅब फक्त गुरुवारी दुपारी असेल, तर एक वर्ष हुकतं आणि त्यावर अवलंबून असलेले पुढचे तीन विषयही सरकतात. म्हणून भेटीला जाशील तेव्हा कोचला ‘इंजिनिअरिंग चालेल का’ असं विचारू नकोस, ‘हो’च म्हणतील. रोस्टरवर त्या शाखेचे ज्युनियर-सीनियर किती आहेत ते बघ, त्यातल्या एकाशी कोच नसताना बोल, आणि विचार : लॅब सरावाशी आली तेव्हा काय झालं? रोस्टरवर सगळे इंजिनिअर पहिल्याच वर्षातले असतील तर ते पुढे शाखा बदलतात, एवढं समज.

शाखा बदलण्याचाही एक फटका आहे. डिव्हिजन वनमध्ये दुसरं वर्ष संपताना पदवीचे ४० टक्के, तिसरं संपताना ६० आणि चौथं संपताना ८० टक्के क्रेडिट झालेले लागतात, तेही निवडलेल्या शाखेला लागू पडणारे. तिसऱ्या वर्षात बिझनेसमधून इंजिनिअरिंगकडे वळलास तर आधीचे कितीतरी क्रेडिट मोजले जात नाहीत आणि उत्तम मार्क असूनही बाहेर बसावं लागतं. उलट दिशेला, इंजिनिअरिंगमधून बाहेर, सहसा सोपं जातं. शंका असेल तर सुरुवात अवघड शाखेतून कर.

स्प्रिंगच्या पहिल्याच आठवड्यात प्रवासाच्या तारखांचं पत्र घेऊन प्रत्येक प्राध्यापकाला स्वतः भेट. परीक्षा प्रवासात येत असेल तर तारीख त्याच वेळी ठरव आणि ईमेलवर लेखी घे. एप्रिलमध्ये आदल्या रात्री बसमधून पाठवलेल्या विनंतीला प्राध्यापक नकार देतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

प्रश्न : प्रवेश आणि करार दोन्ही झालं. आता काही बाकी राहतं का? — एक आई, जॉर्जिया

हो. डिव्हिजन वन किंवा टू असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या) खात्यात १ एप्रिल किंवा त्यानंतर हौशी खेळाडू असल्याच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती मुलानं स्वतः नोंदवायची असते. पदवीच्या तारखेसह अंतिम ट्रान्सक्रिप्ट शाळेनं थेट पाठवायचं. मुलानं अपलोड केलेलं चालत नाही. मुलगा दोन हायस्कूलमध्ये शिकला असेल तर दोन्हींकडून. जूनमध्ये शाळेचं ऑफिस बंद होण्याआधी हे उरकून घ्या.